रिठावरली चूल

मानोरा

रीठ म्हणजे काय, हे आमच्या भागाबाहेरच्या माणसाला समजावून सांगायचं म्हणजे माझ्या जिवावर येतं. रीठ म्हणजे उठलेलं गाव. माणसं निघून गेली, घरं बसली, पण कागदोपत्री नाव तसंच राहिलं. भोवतालच्या शेतांना अजून त्याच नावानं ओळखतात आणि नावापुढे 'रीठ' लावतात. मानोऱ्याच्या आसपास अशी गावं बरीच. मोठी माणसं आम्हाला तिकडं फिरकू देत नसत, म्हणून आम्हा पोरांचं सगळं लक्ष तिकडंच. माझा धाकटा भाऊ वसंता आणि मी, आम्ही जवळपासची सगळी पडकी गावठाणं पालथी घातली होती. त्यात मला एकदा विंचू चावला आणि वसंताला बाबांच्या हातचा मार बसला. निंबळ्याला मात्र आम्हाला बाबांनी स्वतः नेलं, आणि तिथून आल्यावर मी पुन्हा कुठल्या रिठावर खेळायला गेले नाही. स्वराज्य येऊन काही वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. तुम्ही निंबळ्याला गेला नसाल, जाणारही नाही. तिथं पाहण्यासारखं आहे तरी काय! म्हणूनच लिहिते आहे.

बाबा शिंपीकाम करायचे. बाजाराच्या रस्त्यावर एका ओसरीत त्यांचं मशीन होतं. निंबळा हे त्यांचं जन्मगाव. ते अंगावर पीत होते तेव्हा तिथं पिलेग आला. आधी उंदीर पडले, मग माणसं पडली, आणि उरलेल्यांनी गाव सोडायचं ठरवलं. गावातला मारुती गाडीत घालून नेला आणि पाटलानं वेशीवर नारळ फोडून गाव बंद केलं. मारुती उठला की गाव मेलं, आणि मेल्या गावात पुन्हा पाय टाकायचा नाही, असा आमच्याकडचा नेम. बाबांच्या आईच्या काखेत गाठ आली होती. तिला मागं ठेवून आजोबा दोन लेकरं घेऊन रिसोडला बहिणीकडे निघून गेले. त्या दोघांतलं तान्हं म्हणजे आमचे बाबा, आणि दुसरी त्यांची मोठी बहीण, आमची गंगूआत्या. ती तेव्हा सहासात वर्षांची होती.

आता भांडण कशाचं ते सांगते. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडं आखजी म्हणतात. त्या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याचं मडकं भरायचं, नाव घेऊन पाणी सोडायचं, मग वर्षभर त्याची तहान भागते. आजोबांचं मडकं आमच्या घरी दरसाल भरलं जायचं. आजीचं कधीच नाही, कारण आत्या भरू द्यायची नाही.

"मेलेली कोणं पाह्यली?" तिचं हे ठरलेलं. "आमी निघालो तवा ती उठून बसली होती. बोलून राह्यली होती. जित्या माणसाचं मडकं भरता काय रे?"

जिवंत माणसाच्या नावानं पाणी सोडणं म्हणजे त्याचं मरण मागणं. आणि मोठ्या बहिणीपुढं तोंड उघडायची बाबांची टाप नव्हती. आत्यानं त्यांना आईसारखं वाढवलेलं.

त्या वर्षी माझ्या आईनं ऐकलं नाही. वसंताच्या पाठीवरची तिची दोन बाळं सटवीच्या पूजेआधीच गेली होती, आणि आता पुन्हा दिवस होते. पोहरादेवीच्या जत्रेत कुणा बाईनं तिला सांगितलं की तुमच्या घरातलं कुणीतरी तहानलेलं आहे, ते लेकरं नेते. झालं! आईनं तेच मनात धरलं. आत्या आखजीसाठी रिसोडहून मोटारीनं आली, तिनं अजून पाय धुतले नव्हते, तोच आईनं ते पाय धरले.

"बाई, तुमच्या पाया पडतो. औंदा मडकं भरू द्या. माह्यं हे तरी जगू द्या."

आत्यानं पाय सोडवून घेतले आणि भिंतीकडं तोंड करून बसली. दोन दिवस तिची तीच बैठक राहिली. शेवटी बाबाच म्हणाले, "बाई, चाल निंबळ्याले. तुह्या डोळ्यानं पाह्य, काय उरलं तिथं. मंग तू म्हणशीन तसं."

मला वाटलं आत्या आता उसळणार. ती नुसती म्हणाली, "गाडी पाह्य." आईला मळमळ सुटलेली, आम्ही दोघं तिला आवरणारे नव्हतो, म्हणून आमचीही वर्णी लागली. वसंतानं तर आनंदानं उंबऱ्यावरून उडीच मारली.

वाटेनं

आम्ही उजाडायच्या आत निघालो. शेजाऱ्यांचा छकडा मागून आणला होता आणि बाबा स्वतःच हाकत होते. शिंप्याच्या हातात कासरा! बैलांनाही ते पहिल्या ओढ्यापाशीच कळलं. ते आपल्या मनानं थांबत, आपल्या मनानं चालत, आणि आत्या मागून म्हणायची, "दौलत, त्याईले विचारून घे बाप्पा, कुठं जाऊन राह्यले ते."

सकाळचं ते एवढंच हसू. पुढं ऊन चढलं. वैशाखात आमच्याकडची काळी जमीन इतकी भेगाळते की वसंता त्या भेगांत काड्या टाकून त्या खाली पोचतात का ते ऐकत बसायचा. पळसाची फुलं कधीच गळून गेली होती. नाल्यात पाण्याचा टिपूस नाही. एका बाभळीखाली थांबून आम्ही भाकर, ठेचा आणि कांदा खाल्ला. आत्यानं चून, म्हणजे पिठलं, बांधून आणलं होतं, ते आंबलं होतं, पण तिला सांगायची कुणाची हिंमत झाली नाही. मी गुपचूप बैलापुढं टाकलं, त्यानंही हुंगून तोंड फिरवलं.

जेवताना मी आत्याला विचारलं, "आत्या, आजी कशी होती दिसायले?"

"गोरी," आत्या म्हणाली. मग म्हणाली, "नाही, गोरी नाही. मले ना, तिचे हात आठवतात. चुलीम्होरचे." एवढं बोलून ती उष्टी भांडी रेतीनं घासायला लागली.

तिथून पुढची उतरण बाबांच्यानं सांभाळवली नाही. छकडा एका धोंड्यावर चढून धाडकन आदळला, आणि पाण्याचं मडकं फुटलं. सगळं पाणी फळ्यांमधून जमिनीनं पिऊन टाकलं. आत्या एरवी बाबांना सोडती ना, पण त्या वेळी तिनं फुटक्या मडक्याकडं पाहिलंसुद्धा नाही. निंबळ्याची टेकडी समोर दिसत होती आणि तिची नजर तिकडं लागली होती.

निंबळा

गाव ज्या मातीवर वसतं तिला आम्ही पांढरी म्हणतो. काळ्या शेतांच्या मधोमध निंबळ्याची पांढरी तेवढी उंच उरली होती, वर रायमुनिया आणि बोरीची झुडपं. आम्ही पोरं सुटलो ते थेट वर. भिंती कमरेएवढ्या, पावसानं विरघळून गोलसर झालेल्या. एका घरात जात्याची तळी, एका घरात कोनाडा, कोनाड्यात घोरपडीचं पिल्लू. तुळशीचं एक वृंदावन रस्त्याच्या मधोमध उभं, त्याच्या आजूबाजूचं घर कुठं गेलं कोण जाणे. एरवी अशा जागी आम्ही राजा-प्रधान खेळत असू. त्या दिवशी खेळ जमेना. खाली आत्या एका उखळापासून दुसऱ्या उखळापर्यंत चालत होती आणि बोलत होती, "हे कुंभाराचं. हे तेल्याचं. मंग बोळ. मंग..." प्रत्येक घरात जमिनीत पुरलेलं दगडी उखळ तेवढं जागेवर होतं. आणि बाबा मागं मागं, टोपी हातात धरून, दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखे चालत होते.

आमचं घर तिला सापडलं. चार भिंतींची बुडं आणि एक उखळ, त्यात गेल्या पावसाची सुकलेली माती. बाकी काही नव्हतं. हाडूक नाही, भांडं नाही, फडकं नाही.

"पाह्यलं ना बाई?" बाबा हलक्यानं म्हणाले. "काई उरलं नाही. आता तरी मान."

"उरलं नाही म्हंजे ती इथं मेली नाही," आत्या म्हणाली. "मेली असती तं हाडं नसती सापडली?"

"अवं, कोल्ह्या-कुत्र्याचं रान हाये हे! इतकी वर्सं!" बाबांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. "घरी माही बायको जीव मुठीत धरून बसली, अन् तू हाडं मोजतं काय?"

आम्हाला तिथं उभं राहवेना, म्हणून मी वसंताला ओढत गावाच्या मागच्या अंगाला नेलं. तिथं काळ्या दगडांचं एक जुनं देऊळ होतं, चुना न लावता दगडावर दगड रचलेलं, अर्धं खचलेलं. आत पिंड नव्हती. कुणी म्हणतं ती मारुतीबरोबर नेली, कुणी म्हणतं आधीपासून नव्हती. वाकून आत शिरलो तर वटवाघळांचा वास अंगावर आला. डोळे सरावल्यावर वसंता म्हणाला, "ताई, चूल."

कोपऱ्यात खरंच चूल होती. मातीची, तडे गेलेली, एका बाजूनं ढासळलेली. वरचं दगडी छत काजळीनं काळंकुळकुळीत. खालची जमीन सारवलेली. पोपडे सुटले होते, आणि त्या पोपड्यांत एकावर एक थर दिसत होते. मला भीती वाटायला हवी होती. पण वाटलं असं की, कुणीतरी आता पाणी घेऊन येईल आणि म्हणेल, कोण रे तुम्ही? मी धावत जाऊन मोठ्यांना बोलावून आणलं.

बाबांनी आत डोकावून पाहिलं. "मेंढक्यांची असन. पावसात शिरत असतीन आत."

आत्या चुलीशी बसली. तिनं ढासळलेल्या बाजूची माती बोटांनी बाजूला केली. मोठ्या चुलीला लागून धाकटी औल होती, भाजी गरम राहावी म्हणून बायका घालतात ती.

"मेंढका तीन धोंडे मांडते अन् जाते," ती म्हणाली. "तो औल घालते काय रे दौलत? सारवते काय? हे बाईचं घर हाये."

 बाबा उंबऱ्यावर बसले. वसंतानं पाणी मागितलं, आणि पाणी नव्हतं. टेकडीच्या पलीकडून धूर दिसत होता, तिथं बंजाऱ्यांचा तांडा असणार. आम्ही छकडा तिकडं वळवला.

तांडा

आमच्या गावात पाहुणा आला की आधी विचारपूस, मग पाणी. तांड्यात उलटं. आम्ही कोण, कुठले, हे आधी कुणी विचारलं नाही. सोमलीबाई नावाच्या बाईनं पितळी लोटा भरून आधी वसंताच्या तोंडाला लावला. कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, आरसे लावलेली काचोळी. वयानं आत्याएवढीच असेल, पण उन्हानं जास्त वाळलेली. आमची आत्या सोवळ्याओवळ्याची भारी कडक. तिनंही तोच लोटा घेतला आणि घटाघटा प्याली. मला नवल वाटलं.

कुठून आलात म्हटल्यावर बाबांनी टेकडीकडं बोट केलं. "देवळात चूल हाये," आत्या म्हणाली. "कोण राहे तिथं, मालूम हाये काय?"

"याडी राहे," सोमलीबाई म्हणाली. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. "गावची होती. पिलेगातून वाचली. मी लहान होती, बकऱ्या चारत जाऊ तिकडं. आमाले बोरं दे, भाकर दे. तांड्यात कोणी बाळंत झाली का तिलेच बोलावत. माहे दोन पोट्टे तिच्याच हातावर झाले."

बाबांनी हातातली टोपी खाली ठेवली.

"तांड्यात नाही राह्यली?" आत्यानं विचारलं. तिचा आवाज मला ओळखू आला नाही.

"लय म्हटलं आमी. ना! म्हणे, माहे लेकरं येतीन, मी घरी नाही दिसली तं परत जातीन." सोमलीबाई अगदी सरळ सांगत होती, जसं काही पीकपाण्याचं बोलतेय. "घर पडलं तवा देवळात आली. एक डाव गेली होती त्याईले धुंडाले. पहिल्याच गावात लोकायनं धोंडे मारले, पिलेगाची बाई म्हून. डोक्शात खोक घेऊन आली. मंग नाही गेली कुठं. तुमी कोण तिचे?"

 तांड्यातली एक शेळी आमच्या छकड्याच्या चाकाला अंग घासत होती, तिच्याकडं मी बघत राहिले.

"कधी गेली?" बाबांनी विचारलं.

"माहा धाकला रांगत होता. पाऊस लय होता त्या वर्सी. आमच्या बुढ्यानं लाकडं देल्ली, आमीच आग देल्ली." तिनं आमच्या चेहऱ्यांकडं पाहिलं आणि मग तिला उमजलं. तिनं आत्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमी ते लेकरं व्हय?"

आत्या रडली नाही. ती बाबांवर ओरडली. "तुह्या बापानं वर्साच्या आत दुसरी केली! वर्साच्या आत! एक माणूस नाही धाडला पाह्याले! नेम म्हणे! अन् मी म्हणत राह्यली जिती हाये, जिती हाये, अन् घरी बसून राह्यली. रिसोड काय लंकेत हाये काय रे?"  बाबांनी तिला धरायला हात पुढं केला, तो तिनं झटकला, आणि मग त्याच हाताला धरून ती खाली बसली. माझे बाबा रडताना मी तेव्हा पाहिले. ते आवाज न करता रडत होते आणि वसंता त्यांच्या तोंडाकडं टकमक बघत होता.

सोमलीबाईनं आम्हाला जेवायला घातलं, बाजरीची भाकर आणि तुरीचं पातळ वरण. ताट संपेपर्यंत तिनं कुणाला उठू दिलं नाही. ती सांगत होती की त्यांच्यात दिवाळीला चुलीतल्या विस्तवावर तुपाचा घास टाकून आपल्या गेलेल्या माणसांची नावं घेतात, आणि त्यांच्या घरात तिचाही घास टाकतात. "तिचं कोणी नोतं ना," ती म्हणाली. "आमी नुस्तं याडी म्हणतो. नाव मालूम नाही. तिनं कधी सांगितलं नाही, अन् आमी कायले पुसतो? काय नाव होतं बाई तिचं?"

आत्यानं तोंड उघडलं. आणि तसंच मिटलं. तिनं बाबांकडं पाहिलं, पण बाबा तर तेव्हा अंगावर पिणारे. आजोबांनी बायकोचं नाव कधी तोंडानं घेतलं नसणार, कुठलाच नवरा तेव्हा घेत नसे. सावत्र आजीच्या घरात पहिलीचं नाव काढायची सोय नव्हती. आजोबांची बहीण गेली, गावची माणसं चहूकडं पांगली. सहा वर्षांच्या मुलीला आईचं नाव कशाला लागतं?

"माय," आत्या म्हणाली. "आमी माय म्हणो."

पुन्हा मानोरा

परत येताना बैल बरोबर चालले. आत्या वाटभर पुटपुटत होती. सीता म्हणे, मग मान हलवे. कावेरी म्हणे, मग मान हलवे. बाबा हाकताना एकदाही मागं वळले नाहीत. घरी आल्यावर आईला सगळं कळलं तेव्हा ती चुलीपुढून उठून आत्याजवळ येऊन बसली आणि मडक्याचं नावसुद्धा काढलं नाही. पुढं तिला मूल झालं, ते जगलं, माझी धाकटी बहीण ती. ते कशानं जगलं यावर मी वाद घालत बसणार नाही.

मला आता असं वाटतं की आईचं नाव आपल्याला आठवत नाही, हे आत्याला कुठंतरी आधीपासून ठाऊक होतं. मडकं भरायला नाव लागतं. आई जिवंत आहे म्हटलं की नाव आठवावं लागत नाही. मी तिला हे कधी विचारलं नाही, कसं विचारणार?

आखजीच्या सकाळी आत्यानंच कुंभाराकडून कोरं मडकं आणलं. गव्हाच्या राशीवर ठेवलं, पाणी भरलं, वर आंबा ठेवला. आजोबांचं मडकं बाजूला. बाबांनी आधी त्यांचं पाणी सोडलं, नाव घेऊन, भरभर. मग हातात पाणी घेऊन दुसऱ्या मडक्यापुढं बसले आणि तसेच बसून राहिले. ओंजळीतून पाणी गळत होतं.

"काय म्हणू, बाई?" ते म्हणाले. "नुस्तं माय म्हणू काय? कोणाची माय समजन? साऱ्यांच्याच माया गेल्या असतीन."

आत्यानं मडक्यावरचा आंबा सरळ केला. मग म्हणाली, "कुंभाराची सून तिले हाका मारे, बोळातून. पाण्याले जाताना. मले याद हाये तिचा आवाज."

"काय म्हणे?"

"गंगीची माय म्हणे. सारेच म्हणत. पह्यलं लेकरू मी, तं माह्याच नावानं."

आईनं पदर तोंडाशी नेला. "नका हो बाई," ती म्हणाली. "तुमी जित्या हा. सणाच्या दिवशी कायले..."

बाबांनी ओंजळ मागं घेतली. "मी नाही घेत," ते म्हणाले. "तुहं नाव मी पाण्यावर नाही घेत. मले तूच माय हायेस."

आत्या उठून त्यांच्या शेजारी येऊन बसली. तिनं त्यांच्या ओंजळीखाली आपली ओंजळ धरली आणि दोन्ही हात मडक्यावर आणले.

"घे," ती म्हणाली. "तिच्याजवळ दुसरं नाव नाही."

बाबांनी डोळे मिटले आणि आत्याचं नाव घेऊन पाणी सोडलं.